दुर्बीण घेताना पॉवर बघू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की मोबाईलवर ४५० पॉवर (म्हणजे ४५० पट मोठं दिसणार), ५२५ पॉवर असल्या दुर्बिणींच्या जाहिराती सुरू होतात आणि पोरं आईबापाच्या मागे लागतात. आमच्याकडे पण दोन वर्षांपूर्वी हेच झालं, लेक तेव्हा सहावीत होती. जमलं तर हे पत्र दिवाळीच्या आत छापा, खरेदी झाल्यावर वाचून काय उपयोग.

आम्ही साडेचार हजाराची ऑनलाइन मागवली. खोक्यावर शनीचा मोठा रंगीत फोटो आणि ४५० पॉवर. पहिल्या रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ मांडली, चंद्र छान दिसला, खोटं कशाला बोलू, २० एमएमच्या आयपीसमधून (डोळा लावायचं छोटं भिंग) खड्डे अगदी स्पष्ट, सासूबाईंनी पण डोळा लावून बघितलं. मग लेकीला गुरू बघायचा होता तर तिने सगळ्यात छोटा आयपीस लावला, ४ एमएमचा, कारण जास्त पॉवर म्हणजे जास्त दिसणार असं तिला वाटत होतं आणि मलाही. गुरू सापडण्यातच अर्धा तास गेला, नुसता हात लागला तरी सगळं थरथरायचं आणि थरथर थांबेपर्यंत गुरू निघून गेलेला असायचा. शेवटी दिसला तो एक मळकट पिवळा गोळा. तीन रात्री तिने हे केलं, चौथ्या रात्री "आई, मला यातलं काही कळत नाही" म्हणाली आणि खाली निघून गेली. ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं.

नंतर जे समजलं ते आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. पॉवर हा साधा भागाकार आहे, दुर्बिणीची फोकल लेंथ (भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसची. आमची ६०० एमएमची, म्हणजे २० च्या आयपीसने ३० पॉवर आणि ४ च्या आयपीसने १५०, त्यावर किटमधली ३ एक्स बार्लो (पॉवर तिप्पट करणारी जादा लेन्स) लावली की झाले ४५०. आकडा खरा आहे पण त्यात दिसत काहीच नाही, कारण पुढची लेन्स फक्त ५० एमएमची, आणि साधारण हिशोब असा की लेन्स किंवा आरसा जितके एमएम त्याच्या दुप्पट पॉवरपर्यंतच चित्र टिकतं, म्हणजे आमची १०० ला संपली. पुढे नुसता अंधार आणि धूसर. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र बघितले ते साधारण २० पॉवरने! लेकीने तेव्हा २० एमएमचाच आयपीस ठेवला असता तर पहिल्याच रात्री गुरूशेजारी ते चंद्र ठिपक्यांसारखे तिला दिसले असते.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न पुढची लेन्स किंवा आरसा किती एमएमचा हा विचारा, आणि दुसरा स्टँड हलतो का. नळीला बोटाने हलकी टिचकी मारून बघा, दोन-तीन सेकंदांत स्थिर झाली नाही तर ती घेऊ नका. घरात आधीच अशी हलणारी असेल तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर न काढता बुटका ठेवा आणि मधोमध वाळूची पिशवी टांगा, बराच फरक पडतो.

आमची खरी सुरुवात झाली ती त्र्यंबकच्या बाजूला एका शेतात. मिस्टरांच्या ऑफिसातले एकजण त्यांचा सहा इंची (म्हणजे सहा इंच आरशाचा) डॉब घेऊन जातात, त्यांनी आम्हाला बरोबर नेलं. डॉब म्हणजे डॉब्सोनियन, खाली प्लायवूडचा पाट, त्यावर नळी, जात्यासारखी हाताने फिरवायची, मोटर नाही की ट्रायपॉड नाही. ही मांडणी लोकप्रिय केली ती जॉन डॉब्सन यांनी, आणि ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी होते, तिथे राहून त्यांनी जहाजाच्या खिडकीच्या काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या, सगळं एवढ्याचसाठी की रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला आकाश बघता यावं. त्या रात्री लेकीने शनी बघितला, ४८ पॉवरने, छोटासा पण कडीसकट, एकदम धारदार, आणि ती काही बोललीच नाही, आयपीसवरून उठेना, मागे लाईन लागली होती तरी.

तसाच डॉब आम्ही नंतर सेकंडहँड तेवीस हजाराला घेतला. सगळ्यांना एवढे पैसे घालणं जमत नाही, आणि पहिल्याच फटक्यात घालूही नयेत. पाच-सात हजारच असतील तर दुर्बिणीच्या नादाला न लागता १० बाय ५० ची बायनॉक्युलर घ्या, म्हणजे १० पॉवर आणि ५० एमएमची भिंगं (झूमवाली नको). कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा किंवा सरळ चटईवर आडवं पडा, चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी (आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा), सगळं दिसतं. फक्त मुलांना आधीच सांगा की फोटोतले रंग डोळ्याला दिसत नाहीत, देवयानी म्हणजे एक राखाडी पुसट ढग, पण तो पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे हे सांगितलं की मुलं परत डोळा लावतात. मधलं बजेट असेल तर ७० एमएमची, साध्या वरखाली-डावीउजवीकडे फिरणाऱ्या स्टँडची लेन्सवाली चांगली. इक्वेटोरियल स्टँड पहिल्या दुर्बिणीला नको, तो ध्रुवाच्या दिशेला लावावा लागतो आणि नाशिकला ध्रुव जेमतेम २० अंशावर, शहरात बिल्डिंगमागेच असतो. आणि आरशाची नळी दीड फुटाची पण फोकल लेंथ १००० एमएम असं दिसलं तर सावध व्हा, आत जादा लेन्स बसवलेली असते, तिचं चित्र बहुतेक धूसरच येतं.

ॲक्सेसरीज फार लागत नाहीत. एक बरा २५ चा आयपीस, एक १० चा, पुढेमागे २ एक्स बार्लो, आणि नेम धरायला लाल ठिपक्याचा फाइंडर. हा फाइंडर दिवसा लांबच्या मोबाईल टॉवरवर रोखून दुर्बिणीशी जुळवून घ्या, आमचा अर्धा तास वाया गेला तो हे माहीत नव्हतं म्हणून. टॉर्चला लाल जिलेटिन (अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून), फोनमध्ये स्टेलॅरियम हे आकाशाच्या नकाशाचं ॲप. आणि पावसाळ्यासाठी ओल शोषणारी सिलिका जेल, कारण जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश मिळत नाही आणि लेन्सवर बुरशी मात्र धरते. आरसा रुमालाने किंवा पदराने पुसू नका, ओरखडे पडतात.

घ्यायच्या आधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा हे मात्र आवर्जून सांगते. आकाश बघणाऱ्या हौशी लोकांच्या संस्था आहेत, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे, विदर्भातल्या लोकांना पेंचचं डार्क स्काय पार्क (जिथे आकाश मुद्दाम काळोखं ठेवतात) जवळ आहे.

आणि एक गोष्ट ठळक छापा. आमच्या किटमध्ये आयपीसला लावायची एक काळी काच होती, त्यावर 'सन' लिहिलेलं. दुर्बिणीने एकवटलेल्या उन्हाने ती काच तापून तडकते आणि सगळा सूर्य थेट डोळ्यात जातो, डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच लागतो, आणि तोही खास त्यासाठीच बनवलेला. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण आहे, ढग असले तरी पोरं गच्चीवर जाणारच. ज्यांच्या घरी अशी काच असेल त्यांनी ती आजच हातोडीने फोडून टाका, आम्ही तेच केलं.

आपली,
एक वाचक, नाशिक