विषय : ऑइल वाढल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आधी 'महोदय' लिहिलं होतं, मग खोडलं. काल दुपारी फोन धरून बावीस मिनिटं तुमची सनई ऐकल्यावर तो शब्द लिहायला हात वळेना.

किट कोणता ते तुम्हाला सांगायला नको. पिवळं पाकीट, वर हिरवं पान, पानाखाली 'ई-२० साठी सुरक्षित'. फियाट ११०० डी आणि पुढे तिचीच जी पद्मिनी झाली, त्या दोघींच्या मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ढकलणाऱ्या रबरी पडद्याचा किट, १,६५० रुपये. गॅस्केटची भोकं पंपाच्या बॉडीशी जुळत नव्हती, ती मी घरी पंचने पाडून घेतली. त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जुन्या गाडीच्या नादी लागलेल्या माणसाला एवढी सवय असते.

पण 'सुरक्षित' हा शब्द वाचून मी पैसे मोजले होते. गाडी १९६७ ची. त्या काळी पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं, त्यामुळे जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२०, पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला फुगवतं, आणि गाडी आठवडा-आठवडा उभी राहिली की हवेतलं पाणीही ओढून घेतं. हे सगळं तुमच्याच जाहिरातीत आहे. भीती तुम्हीच घातली आणि औषधही तुम्हीच विकलं. मी घेतलं.

पडदा बसवून तीन आठवडे झाले. यंदा दत्त जयंतीच्या आदल्या दिवशी चोपड्याहून सारंगखेड्याच्या यात्रेला, तिथल्या घोडेबाजाराला निघालो. शिरपूर सोडलं आणि गाडी आचके देऊ लागली. चोक ओढला, पुन्हा ढकलला. शेवटी कडेच्या बाभळीखाली उभी केली. बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. हाताला पाण्यासारखं पातळ, वास निव्वळ पेट्रोलचा. पडदा गळाला की पेट्रोल दांड्याच्या बाजूने थेट इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करून टाकतं. तशीच रेटली असती तर बेअरिंगं गेली असती. बोनेटखाली ठिणगी पडली असती तर आणखी काय काय गेलं असतं, ते मी लिहीत नाही, घरचे हे पत्र वाचतात.

ट्रॅक्टरला बांधून गाडी शिरपूरला परत आणली. समोरून यात्रेला निघालेली पोरं घोडी हाताशी धरून चालली होती. एक जण हसून म्हणाला, "आप्पा, घोडं लेवानं व्हतं ना!" त्याचा राग आला नाही. त्या बाजारात घोडं विकणारा निदान तोंड उघडून दात दाखवतो. तुम्ही पाकीट सीलबंद करून देता.

मिस्त्रींनी पंप खोलला. पडदा चिमटीत धरून म्हणाले, "ही तर भिजलेली बिबडी." बिबडी म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. कडा फुगून सुरकुतलेल्या, मध्ये चीर. याचे फोटो चार वेळा पाठवले. चारही वेळा 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं उत्तर आलं. नोंद करण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

आता कालचा फोन. तुमच्याकडे म्हणे सगळे कॉल रेकॉर्ड होतात, तेव्हा खालचं ताडून पाहा.

मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, तीन दाबलं. बावीस मिनिटांनी एक मुलगा हिंदीत बोलू लागला. मी मराठीतच बोलत राहिलो तेव्हा तोही मराठीवर आला. बोलणं मऊ होतं, एवढं मान्य.

"सर, गाडी कोणती?"

"फियाट."

"पुंटो की लिनिया, सर?"

"अकराशे डी."

कीबोर्डचा आवाज. "सर, डी म्हणजे डिझेल का?"

"नाही. पेट्रोल. मॉडेलचं नाव आहे ते."

"पण सर, इथे डी आहे. तुम्ही डिझेलच्या गाडीत पेट्रोल तर भरलं नाही ना?"

मी आयुष्यात पहिल्यांदा या गाडीत बसलो तेव्हा चार वर्षांचा होतो. वडिलांनी घेतली होती. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला, बॉडीचा पत्रा बोटाने वाजवला तर घंटेसारखा वाजतो. बारा वर्षं गोठ्याशेजारी पडून होती, ती उभी करायला मला चार वर्षं लागली. आणि हा मुलगा मला विचारतो, पेट्रोल का भरलं?

तरी शांत राहिलो. पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये गेलंय, ऑइलची पातळी वाढलीय, असं सावकाश सांगितलं.

तो म्हणाला, "सर, ऑइल कमी झालं तर प्रॉब्लेम असतो. तुमचं तर वाढलंय. ते चांगलंच ना सर?"

मी काही बोललो नाही. त्याला वाटलं लाइन कट झाली. "हॅलो? हॅलो सर?" मी विचारलं, तुमच्या वरचं कोणी आहे का. मग सनई, पण या वेळी सहाच मिनिटं. वरचे साहेब आले. त्यांनी फाइल न उघडता निदान केलं : "तुमच्या जळगावकडे टेम्परेचर फार, त्यामुळे रबर जातं. ही युजर साइडची अडचण."

साहेब, वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे शेंबडं पोरगंही सांगेल. उन्हाळ्यात पंपात पेट्रोलची वाफ धरते तेव्हा आम्ही पंपावर ओलं फडकं टाकतो, हे माझ्या वडिलांनी मला शिकवलं. पण हा पडदा मार्गशीर्षात गेला. त्या सकाळी मी स्वेटर घालून गाडी चालवत होतो.

हे सांगितल्यावर साहेबांनी शेवटचं पान टाकलं : "एवढी जुनी गाडी, तुम्ही स्क्रॅपला का देत नाही? चांगली किंमत येईल."

जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीचा माणूस गिऱ्हाइकाला गाडी मोडीत काढायला सांगतो! किराणा दुकानदाराने उपास करा म्हणावं, तसं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, आधी नोंदलेली असेल तर जुनाच नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदली तर 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये. सरकारला या गाड्या ठेवायच्यात, तुम्हाला मोडायच्यात. मग तुमचं दुकान कशावर चालतं?

फोन ठेवल्यावर मेसेज आला, 'आपला अनुभव कसा होता? १ ते ५ दाबा.' मी १ दाबलं. उत्तर आलं : 'धन्यवाद! आपण समाधानी आहात याचा आम्हाला आनंद आहे.'

मला पाहिजे ते असं. किटचे १,६५०. फेकून दिलेलं ऑइल आणि फिल्टर, बिल सोबत. ट्रॅक्टरचे ८००. आणि लेखी उत्तर, की हा पडदा नक्की कोणत्या रबराचा आहे आणि कोणत्या पेट्रोलमध्ये किती दिवस बुडवून तपासलात. पैशांपेक्षा मला हे उत्तर जास्त हवंय. तपासलाच नसेल तर तेही लिहा, पाकिटावरचं हिरवं पान काढायला सोपं जाईल.

पंधरा दिवसांत आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तुमच्या वकिलाला मात्र यावं लागेल. मे महिन्याची तारीख मिळावी अशी विनंती करणार आहे. टेम्परेचरही बघून जातील.

खरं सांगायचं तर तुमच्याच कंपनीकडून आधी ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबर घेतले होते, ते अजून ठणठणीत आहेत. म्हणून तर हा किट डोळे झाकून मागवला. ते रबर करणारी माणसं अजून तुमच्याकडे असतील तर हे पत्र त्यांना दाखवा. आणि पुन्हा सांगतो, बावीस मिनिटं.

आपला (अजूनपर्यंत) ग्राहक,
चोपडा, जि. जळगाव

ता. क. फाटलेला पडदा टाकलेला नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलाय, झाकणावर तारीख लिहून. तुमचा माणूस बघायला येणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. जेवायला भरीत-कळण्याची भाकरी करू. बोलणं मात्र बरणीबद्दलच होईल.