शेडमध्ये तुमचा माणूस नव्हता, म्हणून मशीन चालू?

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
(कृपया ग्राहक सेवा विभागाकडे पाठवू नये. तिथून तिकीट नंबर येतो, उत्तर येत नाही.)

विषय : 30 एचपी स्क्रू कॉम्प्रेसर (हवा दाबून देणारं मशीन), ऑर्डरपेक्षा कमी हवा, मे महिन्याचा अपटाइम (मशीन किती वेळ चालू होतं त्याचा) रिपोर्ट आणि अडवून धरलेली सर्व्हिस

महोदय,

आज दुपारी तुमच्या कॉन्ट्रॅक्ट डेस्कशी 34 मिनिटं बोलून फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो. तुमचं हेड ऑफिस पुण्याचं, म्हणून मराठीत लिहितोय. इंग्रजीत सहा मेल केले, सहाही वेळा एकच दिलगिरीचं वाक्य आलं. मराठीत तसं तयार वाक्य तुमच्याकडे नसावं अशी आशा आहे.

मशीन काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. ऑर्डर काय होती ते मात्र सांगावं लागेल, कारण ती कोणी वाचलेली दिसत नाही. 22 किलोवॅट, 7 बार दाबाला 125 सीएफएम (मिनिटाला घनफूट) एफएडी, कॉम्प्रेसर तपासायच्या आयएसओ 1217 मानकाप्रमाणे. 'एफएडी', म्हणजे मशीनमधून प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा, हा शब्द मी मुद्दाम घातला होता. नुसतं सीएफएम लिहिलं की विकणारा आपल्या सोयीचा आकडा दाखवतो, हे आम्ही पिस्टनच्या जमान्यापासून बघत आलोय. आलेल्या मशीनच्या प्लेटवर 10 बार. विचारलं तर तुमचे सेल्सवाले म्हणाले, "काका, सात बारचं स्टॉकमध्ये नव्हतं, तुम्हाला वरचं मॉडेल दिलंय, अपग्रेड समजा." तेवढ्याच मोटरवर दाब वाढवला की हवा कमी होते, हे आमच्या हेल्परलाही कळतं. मी मर्सिडीज मागितली नव्हती, टेम्पो मागितला होता. मला माल वाहायचाय.

तरी भांडलो नाही, मोजून पाहिलं. 1000 लिटरची टाकी रिकामी केली, पुढचा व्हॉल्व्ह बंद केला आणि शून्यापासून 7 बार भरायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून पाहिला. 125 सीएफएम असेल तर 117 सेकंद लागायला हवेत. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा 142 च्या आसपास. म्हणजे साधारण 103 सीएफएम. टाकीतली हवा तापते त्याची वजावट केली तर आकडा आणखी खाली येतो, ती मी केलेलीसुद्धा नाही. या साइजच्या मशीनला आयएसओ 1217 मध्ये पाच टक्क्यांची सूट आहे. ती धरली तरी 118 च्या खाली जायला नको. इथे सतरा-अठरा टक्के गायब. व्हिडिओ तुमच्याकडे आहे. त्यावर उत्तर आलं, "कस्टमर साइटचं टेस्टिंग आम्ही ग्राह्य धरत नाही." बरं, मग तुमच्या फॅक्टरीचं टेस्ट सर्टिफिकेट पाठवा म्हटलं, तर चार महिने झाले, ते 'प्रोसेसमध्ये' आहे. टेस्ट झाली असेल तर कागद असेल ना?

आता मे महिना. ब्रोशरमध्ये 45 अंशांपर्यंत चालेल असं छापलंय. शेडमध्ये 42 होतं, मशीन तापून ट्रिप झालं. ऑइल कूलरच्या पंख्याची मोटर गेली होती. ती यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस हवेअभावी पावडर कोटिंगचा (पुडीचा रंग मारायचा) बूथ झाकून ठेवला होता. माझा ग्राहक 60 ते 80 मायक्रॉन जाडी मागतो, 55 भरलं तर अख्खा लॉट परत पाठवतो आणि उशीर झाला की आठवड्याला अर्धा टक्का कापतो. त्याला मी 'वरचं मॉडेल दिलंय' असं सांगून बघू का?

जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमचा रिपोर्ट आला : मे महिन्याचा अपटाइम 98.6 टक्के. सर्व्हिसच्या करारात किमान 98 आहे, म्हणजे तुम्ही पास, तुम्हाला दंड शून्य. मला वाटलं दुसऱ्या कोणाचा कागद आलाय. सिरीयल नंबर ताडून पाहिला, आमचाच.

म्हणून आजचा फोन. तो जसाच्या तसा लिहितो, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेलच आणि तुम्ही ते ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

आधी हिंदीत चाललं होतं. आडनाव सांगितलं तसे ते साहेब खुलले. "अरे, तुम्ही मराठी? बडोद्यात? तुमचं मराठी छान आहे हो!" आमच्या चार पिढ्या दांडिया बाजारात गेल्या. सयाजीराव महाराजांच्या गावात मराठी येतं याचं पुण्याला अजून नवल वाटतं. असो. मी म्हटलं, मेमध्ये तास किती? 744. मशीन बंद किती? नऊ दिवस, 216 तास. मग अपटाइम 71 टक्के येतो, 98.6 कुठून आला?

"सर, डाउनटाइम साडेदहा तासच आहे."

"तो कसा?"

"आमचे इंजिनिअर साइटवर साडेदहा तास होते. तेवढा अटेंडेड ब्रेकडाऊन. पार्टची वाट बघण्याचा वेळ त्यात धरत नाहीत."

मी जरा थांबलो. मग विचारलं, म्हणजे तुमचा माणूस आलाच नसता तर?

"तर… अटेंडेड टाइम नसता सर."

"मग अपटाइम?"

"टेक्निकली शंभर टक्के."

हे त्यांनी हसत नाही, गंभीरपणे सांगितलं. म्हणजे आमच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर बंद पाडायला फक्त तुमचा इंजिनिअरच कारणीभूत होता. तो पहिल्या दिवशी आला नसता तर मशीन ठणठणीत! मी करार काढून वाचून दाखवला. त्यात सरळ लिहिलंय, डाउनटाइम म्हणजे मशीन वापरायला उपलब्ध नसलेला वेळ. ते म्हणाले, हो, पण व्याख्या सर्व्हिस पॉलिसीप्रमाणे घेतात. पॉलिसी पाठवा म्हटलं. "ते इंटरनल डॉक्युमेंट आहे सर, शेअर करता येत नाही." दोघांच्या सहीचा कागद बाजूला, आणि एकाच्या कपाटातला कागद चालू.

रिस्पॉन्स टाइमचंही तेच. करारात चार तास. मी समजलो चार तासांत माणूस येईल. तुमच्या मते मोबाइलवर मेसेज आला की रिस्पॉन्स झाला. तो मात्र खरंच चार मिनिटांत येतो, त्याबद्दल अभिनंदन.

आणि कडी म्हणजे, फोनच्या शेवटी त्यांनी सुचवलं की मशीन चालवून दाखवल्यावर द्यायचे म्हणून राखलेले किमतीतले दहा टक्के आम्ही सोडले तर पुढचे कॉल 'प्रायोरिटीने' घेता येतील. ते दहा टक्के 125 सीएफएम दाखवल्यावर द्यायचे आहेत, ऑर्डरवर तुमच्याच मॅनेजरची सही आहे. दाखवा आणि त्याच दिवशी घ्या. अपग्रेडचं तेव्हा बोलू. (ते अपग्रेड नाही. परत सांगतो, अपग्रेड नाही.)

ग्राहक आयोगात आम्हाला जाता येणार नाही, कारण मशीन धंद्यासाठी घेतलंय, ही माहितीही मला तुमच्याकडून फुकट मिळाली. ठाऊक आहे. पण वर्णन देऊन विकलेला माल वर्णनाप्रमाणे असावा लागतो, हे 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे, आणि तीन लाखांच्या वरच्या व्यापारी वादासाठी वाणिज्य न्यायालय बडोद्यातही आहे. तिथे आधी मध्यस्थी असते. मला तीच आवडेल, कारण मध्यस्थासमोर तुमच्या माणसाने तो शंभर टक्क्यांचा हिशेब पुन्हा मांडावा अशी फार इच्छा आहे.

पंधरा दिवसांत ऑर्डरप्रमाणे 7 बारचं मशीन द्या किंवा हे उचलून पैसे परत करा. मे महिन्याचा दंड 71 टक्के धरून काढा. आणि ती गुप्त पॉलिसी पाठवा, नाहीतर ती आम्हाला लागू नाही असं लिहून द्या.

खरं सांगू? राग त्या फोनवरच्या मुलाचा नाही, त्याला जे शिकवलं ते तो बोलला. 1987 मध्ये आमच्या बाबांनी तुमचंच पिस्टनचं मशीन घेतलं होतं. त्याच्यासोबत आलेल्या टायपिंग केलेल्या टेस्ट कागदावर पेनने आकडा खोडून दोन सीएफएम कमी करून लिहिलाय, आणि शेजारी तपासणाऱ्याची सही आहे. मशीन अजून मागच्या शेडमध्ये स्प्रे गनला हवा देतंय. त्या मे महिन्यातल्या नऊ दिवसांत तेच तेवढं चालू होतं. त्याला तुमचा करार नाही.

भागीदार,
मकरपुरा जीआयडीसी, बडोदा

सोबत : ऑर्डरची प्रत, कराराचं चौथं पान, मे महिन्याचा तुमचा रिपोर्ट आणि 1987 च्या त्या टेस्ट कागदाची झेरॉक्स. मूळ कागद मागू नये, तो मिळणार नाही.