ठाऊक असलेल्या शेवटाचा दिलासा

महोदय,

एकाच साच्यातल्या रहस्यकथा वाचणे म्हणजे वेळ दवडणे, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला मान्य नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार किंवा काळापहाड अखेरीस सहीसलामत सुटणार हे ठाऊक असूनही वाचक त्या कथांकडे वळत राहिले. किंबहुना, ठाऊक होते म्हणूनच वळले. त्या पानांत भीतीला मर्यादा असते, प्रत्येक खुणेचा उलगडा होतो आणि गुन्हेगार सापडतो. रोजच्या जगण्यात एवढी हमी क्वचितच मिळते.

आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि वादळी पावसात गेलेली वीज कधी परतेल याचा नेम नसतो. अशा संध्याकाळी घरातली वडीलधारी माणसे दमटपणाने फुगलेली तीच पुस्तके पुन्हा उघडताना मी पाहिली आहेत. एका प्रतीच्या समासात कुणीतरी खुन्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवले होते (हा खोडसाळपणा निषेधार्हच), तरीही ती प्रत हातोहात फिरत राहिली, कारण वाचणाऱ्याला रहस्यापेक्षा त्या ओळखीच्या नायकाची सोबत हवी होती.

ग्रंथालयांत जीर्ण पुस्तके निकाली काढताना मात्र अनेकदा पहिली कुऱ्हाड या रहस्यकथांवरच पडते. ग्रंथालयांच्या कार्यकारिणींनी निदान दुरुस्त होण्याजोग्या प्रती पुन्हा बांधून घ्याव्यात आणि पावसाळ्यात त्या दर्शनी कपाटात ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, रत्नागिरी