विषय : फोन हरवलेल्या ग्राहकाचे वॉलेट तातडीने बंद न होणे व खाते परत मिळवताना होणारी अडवणूक

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

केळापूर तालुक्यात (जि. यवतमाळ) आम्ही सेवा केंद्रे चालवतो. पंढरपूरच्या कार्तिकीहून किंवा लग्नाहून परतताना फोन, पाकीट, आधार सगळेच गेलेला माणूस आधी आमच्याकडे येतो. तुमच्या मोबाइल वॉलेटपाशी (फोनमधल्या पैशांच्या खात्यापाशी) त्याचे काम नेमके कुठे अडते ते कळवत आहोत.

पोलिसांत नोंद झाली की डुप्लिकेट सिम. त्यासाठी बहुधा आधारवर बोटाचा ठसा मागतात. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटे सोलवटलेली असतात, मशीन चार-चारदा ठसा घेत नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी, पांढरकवड्याला, दुसरी खेप पडते. यात तुमचा दोष नाही.

पुढचा मात्र तुमचाच आहे. नवे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. दुसऱ्याच्या नावावर सिम काढून कोणी ओटीपी पळवू नये म्हणून हा नियम आहे आणि तो योग्य आहे. पण कॉल लागतात, त्यामुळे ग्राहकाला सिम पूर्ण चालू झाल्यासारखे वाटते. तो ‘ओटीपी पुन्हा पाठवा’ दाबत राहतो आणि तिसऱ्या वेळेनंतर तुमचे ॲप खाते ७२ तास लॉक करते. एसएमएस सुरू होतात तेव्हा खाते लॉक असते. उरलेले पर्याय दोन : जुन्या फोनवर मंजुरी, जो चोरीला गेला आहे, नाहीतर ईमेल, ज्याचा कोड पुन्हा त्याच नंबरवर जातो.

याहून गंभीर गोष्ट वॉलेट बंद करण्याची. जुने सिम ब्लॉक होईपर्यंत ओटीपी चोराच्या हातात पडतो, म्हणून पहिला तासच महत्त्वाचा. तुमच्या हेल्पलाइनवर मात्र ‘ॲपमधून तक्रार नोंदवा’ एवढेच सांगतात. ॲप उघडता येत नाही हीच तर तक्रार आहे! रिझर्व्ह बँकेच्या ४ जानेवारी २०१९ च्या परिपत्रकानुसार अनधिकृत व्यवहाराची जबाबदारी ग्राहकाने किती दिवसांत कळवले यावर ठरते. तक्रार क्रमांकच मिळाला नाही, तर वेळेत कळवल्याचा पुरावा गरिबाने आणायचा कुठून?

कोणत्याही फोनवरून नंबर व जन्मतारीख सांगितली की वॉलेट गोठवा आणि तक्रार क्रमांक तिथेच सांगा. पैसे काढायला नाही, फक्त गोठवायला एवढी ओळख पुरे. सिम नवे असल्यास ‘२४ तासांनी प्रयत्न करा’ असे मराठीत दाखवा, ते प्रयत्न मोजू नका. खाते उघडतानाच एकदा वापरायचे राखीव कोड छापून घेण्याची सोय द्या. गूगल ८ अंकी १० कोड देते. तसा कागद पासबुकाच्या प्लास्टिक कव्हरात राहतो, फोनबरोबर जात नाही.

३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करू.

आपले,
सेवा केंद्र चालक, ता. केळापूर, जि. यवतमाळ