खानापूरच्या ताईंना, वह्यांच्या ६६० फोटोंबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

"सर, माझं नाव कुठं घालू नका," असं तुम्ही फोनवर दोनदा बजावलंत, म्हणून घालत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय. तुमचे आभार चार माणसांसमोर मानायचे आहेत. शिवाय ज्यांच्या घरी जुना कॅमेरा, जुना कॉम्प्युटर आणि जपून ठेवावं असं काहीतरी आहे, त्यांच्यापर्यंत तुम्ही शिकवलेलं पोचावं असं मनापासून वाटतं.

आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या ११ वह्या तुम्ही अजून पाहिलेल्या नाहीत. त्यांच्याबद्दल आधी सांगतो. जांबोटीच्या वरच्या अंगाला पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. जिथं कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथं कागदाचा काय निभाव लागणार! उन्हाळ्यात देवळातली पेटी उघडली तेव्हा तीन वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. सातव्या वहीत माझ्या आजोबांचं अक्षर आहे. अभंग, गौळणी, आरत्या, आणि मधेच दोन-दोन पानं कन्नड दासपदांची, म्हणजे हरिदास संतांच्या भक्तिगीतांची, पण देवनागरीत उतरवलेली. आपल्याकडची जुनी भजनी माणसं दोन्ही भाषांत म्हणायची. लिपी एकच येत होती, म्हणून कानाला जसं आलं तसं लिहून ठेवलं. एका पानावर समईच्या तेलाचा डाग आहे, त्यात बोटाचा ठसा स्पष्ट दिसतो. पान उलटताना कुणाचं तरी बोट तिथं टेकलं असणार. अशी पानं बाजारात विकत मिळत नाहीत.

भाच्याकडून कॅननचा जुना डीएसएलआर आणला आणि जुलैत दोन दिवस देवळाच्या ओसरीत बसून सगळ्या वह्यांचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी भाच्यानं कॅमेऱ्यात नवं फोल्डर केलं, पहिल्या दिवसाचं वेगळं राहावं म्हणून. त्यात पुढं काय वाढून ठेवलंय याची दोघांनाही कल्पना नव्हती.

खरी अडचण फोटो बाहेर काढताना आली. माझा लॅपटॉप जुना, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू नावाची लिनक्स, तीही जुनीच. कार्ड खाचेत घातलं तर त्याला ते ओळखताच येईना. शेजारचे म्हणाले, "फॉरमॅट मारून बघा, चालू होतंय." माझा हात त्या बटणापर्यंत गेलाही होता. पण त्याआधी तुम्हाला फोन केला. आमच्या शाळेच्या मुलांचे ओळखपत्राचे फोटो काढायला तुम्ही आला होता, तेव्हा तुमचा कॅमेरा केबलनं कॉम्प्युटरला जोडलेला मी बघितला होता. तुम्ही कॅमेऱ्याला हात न लावता की-बोर्डवरून फोटो घेत होता आणि प्रत्येक फोटो काढताक्षणी कॉम्प्युटरवर येत होता. ते डोक्यात राहिलं होतं.

तुमचं पहिलं वाक्य अजून कानात आहे. "सर, गडबड करू नका. कार्ड काढा आणि परत कॅमेऱ्यात घाला."

मग तुम्ही कारण समजावून सांगितलंत, आणि ते मला फार पटलं. ६४ जीबीचं कार्ड, त्यावर फायली ठेवायची एक्सफॅट नावाची मांडणी. जुन्या लिनक्सला ती आपणहून वाचता येत नाही, त्यासाठी वेगळा सपोर्ट टाकावा लागतो. म्हणजे कार्ड चांगलं होतं, फोटोही जागेवर होते, फक्त कॉम्प्युटरला ती भाषा येत नव्हती. पण कॅमेऱ्याला येते! कारण कार्ड त्यानंच लिहिलंय. केबल जोडली की असे कॅमेरे पेनड्राइव्हसारखी आपली डिस्क उघडी करून देत नाहीत. पीटीपी नावाच्या ठरलेल्या रीतीनं ते कॉम्प्युटरशी बोलतात: अमुक फाइल दे म्हटलं की कॅमेरा स्वतः कार्डावरून वाचून ती हातात ठेवतो. ही रीत आयएसओ १५७४० या मानकात बसवलेली आहे. "पेटीचं कुलूप आपण कशाला उघडायचं? किल्ली ज्याच्याकडं आहे त्यालाच मागायचं," असं तुम्ही म्हणालात. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण एखादी गोष्ट एका वाक्यात इतकी स्वच्छ सांगणं मला क्वचित जमलंय.

केबल भाच्यानं आणलीच नव्हती. तुम्ही तुमची केबल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर गावाचं नाव लिहून, संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडं दिलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याला पाणी आलं आणि बस बंद झाली. तिकडं कणकुंबीला पाऊस कोसळला की मलप्रभा आणि इकडचे ओढे कसे फुगतात ते आपण दोघंही लहानपणापासून बघत आलोय. एक दिवस उशीर झाला असता तर पाणी उतरल्याबरोबर भाचा कॅमेरा घेऊन पुण्याला निघून गेला असता, आणि ते कार्ड पुढच्या कुठल्यातरी लग्नात पुसलं गेलं असतं.

माळ्यावरच्या खिडकीत फोन ठेवला की एक-दोन काड्या रेंज यायची. त्यावरून इंटरनेट घेऊन कॅमेऱ्याशी बोलणारा जीफोटो-टू नावाचा प्रोग्राम बसवायला तुम्ही सांगितलेली ओळ टाइप केली: सुडो, ॲप्ट, इन्स्टॉल, जीफोटो-टू. हुकूम टाइप करायची ही काळी खिडकी उघडायचीच आधी मला भीती वाटायची. तुम्ही एकेक शब्द फोनवर सांगत होता आणि मी वहीत लिहून घेत होतो. "जीफोटो-टू, जागा सोडा, दोन आडव्या रेघा, मध्ये जागा नको, ऑटो, एक रेघ, डिटेक्ट." एंटर दाबल्यावर खाली कॅमेऱ्याचं नाव आणि पुढं यूएसबीचा क्रमांक उमटला. त्या क्षणी मी एवढ्या मोठ्यानं "आला!" म्हणालो की खालून बायकोनं विचारलं, कोण आलं?

दुसऱ्याच हुकुमाला त्यानं नकार दिला. यूएसबी ताब्यात घेता येत नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. मला वाटलं केबल गेली. तुम्ही शांतपणे सांगितलंत की कॅमेरा आधीच दुसऱ्यानं धरून ठेवलाय. केबल जोडल्याबरोबर उबुंटूचा फाइल मॅनेजर स्वतःहून कॅमेरा उघडतो, आणि एका वेळी एकालाच तो मिळतो. फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या नावापुढची बाहेर काढायची खूण दाबली, केबल तशीच ठेवली, आणि हुकूम चालला. ही ओळ बघून घाबरणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण मी तिथंच सोडून दिलं असतं. आणखी एक, कॅमेऱ्याच्या मेनूत आपोआप बंद होण्याची वेळ असते, ती तुम्ही आधीच बंद करायला लावलीत आणि बॅटरी भरून घ्यायला लावलीत. त्या रात्री लाईट तीनदा गेली, पण काम थांबलं नाही.

त्यानंतर जे झालं त्यासाठी हे पत्र आहे.

सगळ्या फायली उतरवायचा हुकूम, गेट-ऑल-फाइल्स, तुम्ही सांगितलात आणि फोन तुटला. रेंज गेली ती गेलीच. मी एकट्यानं तो चालवला. फोटो भराभर उतरू लागले, पडद्यावर नावांची रांग लागली. मग मधेच तो विचारू लागला, या नावाची फाइल आधीच आहे, वर लिहू का? एकदा हो म्हटलं, दोनदा हो म्हटलं, दहाव्यांदाही हो म्हटलं. शेवटी मदतीच्या यादीत शोधून न विचारता वर लिहायचा पर्याय जोडला. रात्री सव्वाबाराला सगळं उतरलं. पहिले-शेवटचे चार फोटो उघडून बघितले, सुरेख होते. समाधानानं झोपलो.

सकाळी रेंज आल्यावर तुम्हाला आनंदानं कळवलं: सगळं आलं, आता कार्ड रिकामं करून कॅमेरा भाच्याला देतो. तुम्ही विचारलंत, "किती आले?"

मला सांगता आलं नाही.

"सर, मोजल्याशिवाय काहीच पुसायचं नाही," एवढंच बोललात. आवाज चढवला नाहीत. आधी कॅमेऱ्याला विचारायला लावलंत, लिस्ट-फाइल्स. त्यानं दोन फोल्डरं दाखवली: डीसीआयएम या फोटोंच्या मुख्य फोल्डरच्या आत १००कॅनन, त्यात ३८६ फायली, आणि १०१कॅनन, त्यात २७४. एकूण ६६०. मग कॉम्प्युटरवरच्या फोल्डरात मोजायला लावलंत: एलएस, उभी रेघ, डब्ल्यूसी, रेघ, एल. उत्तर आलं ३८६.

माझ्या हातापायातलं बळच गेलं. तुम्ही दोन सेकंद गप्प होता. मग म्हणालात, "३८६ म्हणजे पहिल्या फोल्डरचाच आकडा की. नावं सारखी आहेत."

तसंच होतं. कॅमेऱ्यात फोटोंचे नंबर पुढं चालू ठेवायची एक पद्धत असते आणि नव्या फोल्डरात पुन्हा ०००१ पासून सुरू करायची दुसरी. भाच्याच्या कॅमेऱ्यात दुसरी लावलेली होती. दोन्ही फोल्डरांत आयएमजी_०००१ होता, आयएमजी_०२७४ही होता. कॅमेऱ्यात ते वेगवेगळ्या खोल्यांत सुखानं राहत होते. मी मात्र सगळे एकाच खोलीत ओतले, आणि दुसऱ्या दिवसाच्या २७४ फोटोंनी पहिल्या दिवसाचे २७४ फोटो पुसून टाकले. म्हणून एकूण ३८६च उरले. पहिल्या पाच वह्या जवळजवळ सगळ्या गेल्या होत्या. शेवटचे फोटो उघडून बघितल्यावर सगळं ठीक दिसलं, कारण ते फोटो ठीकच होते. उघडून बघणं आणि मोजणं यात किती अंतर आहे ते मला वयाच्या या टप्प्यावर कळलं.

कार्डावर सगळं शाबूत होतं. तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसता तर नसतं.

मग तुम्ही तुमचं गिऱ्हाईक थांबवून पाऊण तास माझ्याबरोबर बसलात. दोन फोल्डरं करायला लावलीत, पहिला-दिवस आणि दुसरा-दिवस. एकेकात शिरून कॅमेऱ्याला नेमकी वाट द्यायला लावलीत: फोल्डर, मग स्टोअर_०००१०००१ (कॅमेऱ्यानं कार्डाला दिलेलं नाव), डीसीआयएम, १००कॅनन. डीसीआयएम मी लहान अक्षरांत लिहिलं तर त्यानं असं फोल्डरच नाही म्हणून सांगितलं. लहान-मोठं अक्षर इथं वेगळं धरलं जातं, हे त्या दिवशी पक्कं झालं. पहिल्यात ३८६, दुसऱ्यात २७४. तुम्ही पलीकडून आकडे लिहून घेत होता, पेन कागदावर चालल्याचा आवाज मला येत होता. मग सगळं पेनड्राइव्हवर घालून दोन्हीकडच्या फायलींची एसएचए-२५६ची बेरीज, म्हणजे फायलीत जरा बदल झाला तरी बदलणारी खूण, जुळवायला लावलीत. एकाही फायलीत अक्षराचा फरक नव्हता. तरीही तुम्ही कार्ड पुसू दिलं नाहीत. "भाच्याला नवं कार्ड घेऊन द्या, हे पेटीत ठेवा," म्हणालात. ते आता वह्यांबरोबर एका डबीत, तांदळाच्या पुरचुंडीशेजारी आहे.

पैसे विचारले तर तुम्ही विषयच बदललात आणि सातव्या वहीतल्या कन्नड पदांची चौकशी केलीत. तुमच्या आजीला त्यातलं एखादं येत असेल, म्हणालात. ती पानं वेगळी काढून तुम्हाला पाठवली आहेत. आजींना वाचून दाखवा. शब्द कुठं अडले तर त्यांना विचारून लिहून ठेवा, कारण आमच्या मंडळात आता दोघांनाच ती चाल येते आणि अर्थ एकालाही नीट सांगता येत नाही.

जीफोटो-टू हे फुकट मिळतं, स्वयंसेवकांनी लिहिलंय आणि ते दोन हजारांहून जास्त कॅमेऱ्यांशी बोलतं, हे नंतर वाचलं. त्या अनोळखी माणसांचाही मी ऋणी आहे. पण त्यांचा हुकूम मी चुकीचा चालवला तेव्हा फोनच्या पलीकडं तुम्ही होता.

तुम्ही सांगितलेले सगळे हुकूम मी वहीच्या शेवटच्या पानावरून मोठ्या कागदावर उतरवून शाळेतल्या कॉम्प्युटरशेजारी लावलेत. सगळ्यात वर लिहिलंय, "किती आले?" मुलं विचारतात, सर, हे कसलं वाक्य? मी त्यांना तुमची गोष्ट सांगतो, नाव न घेता.

केबल माझ्याकडंच आहे. ती कंडक्टरकडं देणार नाही. येत्या रविवारी मी आणि मंडळाचे दोघे जण ती घेऊन तुमच्या दुकानात येतोय, बरोबर वाजवायची पेटी आणि मृदंग आहे. आजींना बसायला खुर्ची तेवढी काढून ठेवा.

तुमचा,
भजनी मंडळाचा एक शिक्षक