सीटची उंची कळव

डिचोली, गोवा
१२ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे तीनला तुला जाग येते, मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडून राहतोस. ऑफिसात मीटिंगला बसलं की तोंडाला कोरड पडते. आता रक्तदाबाची गोळीही सुरू झाली. हे सगळं तू एका दमात सांगितलंस आणि शेवटी म्हणालास, "चालायचंच रे." त्या 'चालायचंच'ने मला चटका बसला. मीही एके काळी हेच म्हणत होतो. फोनवर काही सुचलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

पहिली गोष्ट, गोळी बंद करू नकोस. मी आज सायकलबद्दल लिहिणार आहे, पण ती गोळीच्या जागी घे असं माझं म्हणणं नाही. डॉक्टरांना विचार, ते हो म्हणाले तरच चालव.

माझ्या वाईट वर्षांबद्दल तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. २०१२च्या सप्टेंबरात सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. आपल्या तालुक्यात त्याचा अर्थ काय होता, हे तुला बाहेरून थोडंफार कळलं असेल. माझे माल वाहणारे दोन टिपर ट्रक होते. एकाचे हप्ते फिटले होते, दुसऱ्याचे नुकते कुठे सुरू झाले होते. आदल्या मे महिन्यापर्यंत दिवसाला खेपांवर खेपा व्हायच्या, खाणीवरून माल उचलायचा नि मांडवीकाठच्या जेटीवर ओतायचा, तिथून बार्जने तो मुरगावला जायचा. आणि एका महिन्यात सगळं गप्प. दोन्ही टिपर अंगणाबाहेर उभे राहिले. पुढच्या पावसात एकाच्या मागच्या चाकावर रानवेल चढली. ती काढायलाही माझा हात होईना. बँकेचा फोन आला की मी मागच्या दाराने परसात जाऊन उभा राहायचो. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मला रात्री झोप नव्हती आणि दिवसा जाग नव्हती. घरात कोणी मोठ्याने भांडं ठेवलं तरी मी ओरडायचो. मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची होती. मी घरात आलो की ती आजीच्या खोलीत जायची. याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

स्कूटर विकली होती. डिसेंबरात एका सकाळी मयेला जायचं होतं, एकाकडून जुनी उधारी यायची होती. बसला वेळ होता. पडवीत बाबांची काळी ॲटलास भिंतीला टेकून होती, तुला आठवत असेल ती. तिच्यावरूनच बाबा मराठी शाळेत शिकवायला जायचे आणि तिच्यावरच आपण दोघं नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो. तुझ्या ढोपरावरचा व्रण अजून असेल. मी हवा भरली, चेनला खोबरेल तेल लावलं कारण घरात दुसरं तेल नव्हतं, आणि निघालो.

मयेचा रस्ता इतका शांत मी आधी कधी पाहिला नव्हता. आपण वाढलो तो रस्ता लाल होता, पानं लाल, कौलं लाल, दोरीवर वाळत घातलेली चादरही लाल. ट्रकांच्या रांगेत सायकल घालायची कोणाची छाती नव्हती. त्या ट्रकांत माझेही दोन होते, हे मी विसरत नाही. त्या सकाळी रस्त्यावर एकही ट्रक नव्हता आणि एका पावसाने झाडं धुऊन निघाली होती. काजूची पानं हिरवी असतात हे जणू नव्याने कळलं. ज्या खाणबंदीने माझं घर बुडवलं तिनेच हा रस्ता मोकळा केला होता. याचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही, तुला फक्त जसं होतं तसं सांगतो.

तर तळ्याच्या अलीकडचा चढ लागला. दम लागला, मांड्या पेटल्या, घाम डोळ्यांत उतरायला लागला. चढ संपला तिथे मी पाय टेकून उभा राहिलो आणि मनात आलं की गेली दहा मिनिटं मी बँकेचा विचार केलेला नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा. डोकं रिकामं होतं आणि छातीत नुसतं धडधडत होतं, पण ती धडधड वेगळी होती. रात्रीची धडधड कशासाठी ते कळत नाही. ही चढासाठी होती, आणि चढ संपल्यावर आपोआप थांबली.

उधारी काही मिळाली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा निघालो, काही काम नसताना.

तुला वाटेल, हा व्यायामाचे फायदे सांगतोय. ते तुला ठाऊकच आहेत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. सायकलवर अंगाचा भार सीट उचलते, त्यामुळे धावण्यासारखा गुडघ्याला मार बसत नाही, आणि आपल्या वयात ही मोठी गोष्ट आहे. हे सगळं खरंच आहे. पण मला तारलं ते आणखी एका गोष्टीने. काळज्या रात्री अंथरुणात सगळ्या एकदम यायच्या, हप्ता, पाटल्या, आईचं औषध, मुलीची शाळा, सगळ्यांचा एकच गोळा. सायकलवर त्या एकेक करून यायच्या. पुढे खड्डा दिसला की विचार सोडून हात ब्रेकवर न्यावा लागतो. खड्डा गेला की तोच विचार परत येतो, पण एकटाच, आणि तेवढाच. तसं असलं की त्याच्याशी बोलता येतं. हप्त्यातला टिपर नुकसान सोसून विकायचा, हे मी नार्वेच्या उतारावर ठरवलं. घरी बसून चार महिन्यांत जे ठरलं नव्हतं ते तिथे ठरलं. नंतर हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायला लागलो, पुढे स्वतःचं छोटं दुकान टाकलं. ते सगळं तू पाहिलेलंच आहेस. सायकलने माझा एक रुपयाही फेडला नाही. फेडताना मी माणसांत राहिलो, ते मात्र तिच्यामुळे.

आता रविवारचं सांगतो, कारण खरी गंमत त्यातच आहे.

साडेपाचला उठतो. सहाच्या सुमाराला पोदेराचा, म्हणजे आपल्या पाववाल्याचा, हॉर्न ऐकू येतो, पों पों, आधी लांबून, मग देवळाच्या वळणावर. आपल्या लहानपणापासून तो आवाज बदललेला नाही. मागच्या कॅरिअरवर वेताची मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आणि ते उघडलं की भट्टीची ऊब तोंडावर येते. दोन उंडे पाव घेतो आणि रुमालात बांधून शर्टाच्या आत ठेवतो. थंडीच्या दिवसांत नार्वेपर्यंत ते पोटाला शेकत राहतात. पोदेर मला बघून म्हणतो, "आयज बेगीन रे!" मी म्हणतो, तुझ्यापेक्षा उशिराच. एवढा माल लादून रोज चढ-उतार करणाऱ्या त्या माणसाकडे पाहिलं की मला आदर वाटतो. आपण सायकलीला छंद म्हणतो, त्याच्या घरची चूल तिच्यावर पेटते.

मयेवरून नार्वे. तिथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळापुढे पाच मिनिटं थांबायचं. शाळेत आपण शिकलो होतो ते दारावरच्या शिलालेखाच्या खाली उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं. शिवाजी महाराजांनी १६६८ साली या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्याआधी हा देव पलीकडे दिवाडी बेटावर होता. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं आणि भक्तांनी देव नदी ओलांडून अलीकडे आणला. मी सायकल घेऊन तीच नदी उलट्या दिशेने ओलांडतो. फेरीबोटीत सायकल कडेला टेकवायची, पाय मोकळे करायचे, पाण्याचा वास घ्यायचा. बोटीला घाई नसते आणि आपण कितीही जोर लावला तरी ती लवकर पोचत नाही. तुझ्यासारख्या माणसाने ती पाच-सात मिनिटं एकदा अनुभवायलाच हवीत.

दिवाडीचा रस्ता शेतांतून जातो. दोन्हीकडे खाजन जमीन, बांधाने खारं पाणी अडवलेलं, भरती-ओहोटीला पाणी आत-बाहेर सोडायला मानशीची दारं. या दिवसांत भात पिकत आलेलं असतं. खाऱ्या मातीतही तग धरणारं कोरगुट जातीचं भात इथलंच. बगळे ओळीने उभे असतात, वर तांबडी घार घिरट्या घालत असते. सपाट रस्ता, पाठीवर वारा, फ्रीव्हीलची टिकटिक, बस. मी त्या रस्त्यावर मोठ्याने गातो. कोणी ऐकलं तरी ऐकू दे. मग पिएदादच्या टेकडीवर चढून उंडे खायचे, सोबत घरून बाटलीत आणलेला चहा, आणि खाली पसरलेली मांडवी. वर्षभर मिळालेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मला ही सकाळ प्यारी आहे.

गेल्या वर्षीपासून कधी कधी मुलगी सोबत असते. बारावीचं वर्ष, शिकवण्या, चाचण्या, त्यात मार्क कमी पडले की जेवण सोडायची. तिच्यात मला माझाच चेहरा दिसायला लागला होता. मी तिला उपदेश केला नाही, नुसतं "चल" म्हटलं. तिसऱ्या रविवारी नार्वेच्या धक्क्यावर तिचं मागचं चाक बसलं. मी पुढे झालो तर म्हणाली, मला करू द्या. तिने लिव्हरने टायर सोडवला, ट्यूब बाहेर काढली, पायरीवरच्या पाण्यात धरून फिरवली. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. तिने तिथे बोट दाबून धरलं, पुसून काढलं, काचकागदाने घासलं, सोल्यूशन लावलं आणि लगेच पॅच ठेवायला गेली. मी हात धरला. सोल्यूशनचा ओलेपणा गेल्याशिवाय पॅच धरत नाही. ते सुकेपर्यंत आम्ही गप्पा मारल्या. मी तिला सांगितलं की हवेचं टायर रूढ केलं त्या डनलॉपचा मूळ धंदा गुरांच्या डॉक्टराचा होता. बेलफास्टमध्ये त्याच्या मुलाला तीनचाकी चालवताना हादरे बसायचे, म्हणून त्याने चाकाला रबराची नळी गुंडाळून हवा भरली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबानेच केलं." आणि मग बोटाने सोल्यूशन चाचपत, माझ्याकडे न बघता, तिने तिला कशाची भीती वाटते ते सगळं सांगितलं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर ती एक शब्द बोलली नसती. दरम्यान एक फेरी सुटून गेली. आम्ही पुढची धरली.

आता तुझं. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाचे दिवस मी तुझ्या होस्टेलवर येऊन पाहिले आहेत, पण आजच्या गर्दीत तू ऑफिसला सायकलने जा असं मी म्हणणार नाही. पहाटे उठ. तसाही तू तीनपासून जागाच असतोस. साडेपाचला बाहेर पड, गल्ल्यांतून अर्धा तास फिर आणि परत ये. हेल्मेट घाल, मागे लाल दिवा लाव. मोठ्या रस्त्यावर जाऊ नकोस. इथेही भाड्याच्या गाड्या हाकणारे पर्यटक अरुंद वळणांवर अंगावर येतात, आणि काही खाणी पुन्हा सुरू झाल्याने ट्रकही दिसू लागले आहेत, तेव्हा मीही वाटा निवडूनच जातो. किलोमीटर मोजणारं ॲप घेऊ नकोस. तुझ्या आयुष्यात आकडे पुरेसे आहेत. महागडी सायकलही नको. गिअर नसले तरी चालतील, ब्रेक मात्र चांगले हवेत. पहिले आठ-दहा दिवस बूड दुखेल, नंतर ते थांबतं.

आणि दिवाळीला इकडे ये. नरकासुर जाळून झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघू. वहिनी आणि मुलं घरी आईबरोबर रमतील, तिने दिवाळीचे फोव, म्हणजे पोहे, तयारच ठेवले असतील. बाबांची ॲटलास मी गेल्या आठवड्यात दुकानात नेऊन सगळी उघडली. बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, ब्रेकचे रबर आणि दोन्ही टायर नवे टाकले. घंटी तीच आहे, तशीच वाजते. मी माझी दुसरी सायकल घेईन, बाबांची तुझ्यासाठी.

फक्त एक काम कर. भिंतीला टेकून अनवाणी उभा राहा, मांड्यांच्या मधे एक जाडसर पुस्तक वरपर्यंत घट्ट धर आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर भरतं ते वहिनीला मोजायला सांग. सीट बाबांच्या मापाची आहे आणि तू त्यांच्यापेक्षा उंच. ती नळी जुनी आहे, वर काढायला दोन दिवस तेल सोडून ठेवावं लागेल, म्हणून आकडा लवकर कळव.

तुझाच,
वाड्यावरचा दोस्त