ऊसतोड कामगारांनी मत टाकायचं कुठं?

मा. संपादक,
स.न.

इलेक्शन आलं की जाहिराती चालू होतात, १८ पूर्ण झाले का, यादीत नाव बघितलं का, वोटर कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन, फोटोवालं पासबुक, जॉब कार्ड काहीही चालेल. चांगलंच आहे ते. पण यादीत नाव आहे, कार्डही आहे आणि माणूसच त्या दिवशी परजिल्ह्यात उसाच्या फडात आहे त्याचं काय, हे कुणी बोलतच नाही.

२०२४ च्या विधानसभेला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० नोव्हेंबरला! बीड, जालना, पाथर्डीकडच्या टोळ्या याच दिवसांत घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एका घरातली दोन्ही मतं जातात. मुकादमाची (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असते, परत यायचं तर भाडं आपलं आणि मजुरीही बुडणार. मतदानाला पगारी सुट्टी द्यायचा कायदा आहे हो, पण ज्याला टनावर पैसे मिळतात त्याला ती कोण देणार? मग कुणी उमेदवार गाडी पाठवेल तरच येणं होतं आणि मतदारांची अशी फुकट ने-आण करणं कायद्यानेच भ्रष्ट आचरण आहे.

काहीजण म्हणतात फॉर्म ८ भरून नाव कारखान्याकडे घ्यावं. का घ्यावं? कारखाना दरवर्षी बदलू शकतो, म्हातारे आईबाप, रेशनकार्ड सगळं गावाला, आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने गावातला रहिवास जात नाही असं कायदाच सांगतो.

बाकीच्यांसाठी सोय होते ना. सैनिकाला पोस्टल मतपत्रिका ऑनलाइन जाते. ८५ च्या वरचे आणि ४० टक्के दिव्यांग यांनी १२ डी फॉर्म भरला की टीम घरी येऊन मत घेते. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत खास केंद्रं असतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तर निवडणूक आयोगाने बाहेरगावाहून आपल्या मतदारसंघात मत देता येईल, एकाच मशीनवर ७२ मतदारसंघ चालतील अशा रिमोट मशीनचा नमुना तयार असल्याचं सांगितलं होतं, पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथंच राहिलं.

माझं म्हणणं एवढंच की नियमांत 'अनुपस्थित मतदार' हा प्रकार आहेच, त्यात हंगामी स्थलांतरित मजूर घाला. टोळ्या निघायच्या आधी गावातच बीएलओने (मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्र अधिकाऱ्याने) फॉर्म भरून घ्यावेत आणि कारखान्याच्या भागात पोस्टल मतदानाचं केंद्र ठेवावं. मात्र तिथं माणसं निवडणूक विभागाचीच पाहिजेत, मुकादम किंवा कारखान्याचा माणूस जवळपास नको, नाहीतर उचलीच्या दबावाखाली मत कुठं जाईल ते उघड आहे. आणि बायकांचे फॉर्म वेगळे, त्यांच्याच हातून भरून घ्यावेत, नवऱ्याने दोघांचं सांगितलं असं नको.

पुढची विधानसभाही बहुतेक ऐन हंगामातच येईल, तेव्हा आयोगाने आणि सरकारने हा निर्णय आत्ताच घ्यावा ही विनंती.

आपला,
एक वाचक